कोयत्याचं वेळापत्रक आणि शिष्यवृत्तीचा अर्ज

(बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रिया आणि त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुली यांच्यासमोर केलेलं भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

माय-मावश्यांनो आणि मुलींनो,

दसरा तोंडावर आला आहे. कुणाची उचल घेऊन झाली, कुणाची बोलणी चालू आहेत, कुणाचा मुकादम दारात येऊन बसला आहे. बैल, भांडी, पत्रे, लहान लेकरं, म्हातारी माणसं, सगळ्यांचा विचार एकाच वेळी करायचे हे दिवस. एवढ्या घाईत तुम्ही इथं आलात, म्हणून इकडचं तिकडचं न बोलता कामाचंच बोलते. तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या मुली यंदा कॉलेजात आहेत. त्यांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज हा आजचा विषय आहे.

विषय साधा वाटतो. सरकारनं योजना काढली, मुलीनं अर्ज भरायचा, पैसे मिळायचे. पण गेली काही वर्षं हे काम करताना माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. हा अर्ज घरात राहणाऱ्या माणसांसाठी केलेला आहे. बाप संध्याकाळी घरी येतो, त्याच्या खिशात चालू मोबाइल असतो, तहसील बसच्या अंतरावर असतं आणि कागदात चूक निघाली तर चार दिवसांत दुरुस्त करून आणता येते, असं अर्ज तयार करणाऱ्यानं गृहीत धरलं आहे. तुमचं घर वर्षातले पाच-सहा महिने फडात असतं. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, नाहीतर कर्नाटकात बेळगाव, बागलकोट. आणि अर्जाचा हंगाम नेमका तोच. प्रवेश जून-जुलैत होतात, अर्जाची साइट त्यानंतर सुरू होते, तारखा वाढत वाढत जातात आणि चुका काढून अर्ज परत यायला लागतात तेव्हा तुम्ही कोपीत असता.

काय होतं ते एका मुलीच्या उदाहरणानं सांगते. नाव सांगत नाही. डोंगरपट्ट्यातली मुलगी, बारावीला चांगले गुण, बी.एस्सी.ला प्रवेश. आई-बाप कर्नाटकात. ही आजीजवळ राहून कॉलेज करत होती. तिनं महाडीबीटीवर अर्ज भरला होता. डिसेंबरात तो परत आला, कारण उत्पन्नाच्या दाखल्यावर बापाचं नाव एक आणि आधारकार्डावर दुसरं. एका ठिकाणी आजोबांचं नाव पूर्ण लिहिलेलं, दुसऱ्या ठिकाणी अर्धं. दुरुस्तीसाठी खातं उघडायचं तर ओटीपी बापाच्या मोबाइलवर जाणार. बाप फडात. तिथं रेंज नाही, असली तर फोन चार्ज नाही. मुलीनं मुकादमाच्या फोनवर निरोप ठेवला. बापाला तो तिसऱ्या दिवशी मिळाला. त्यानं फोन लावला तेव्हा तो ओटीपी कधीचाच बाद झाला होता. दहा मिनिटं टिकणारा आकडा आणि तीन दिवसांनी पोचणारा निरोप! पुढच्या वेळी दोघांनी वेळ ठरवली, तर त्या दिवशी साइट बंद.

त्या मुलीचा अर्ज शेवटी भरला गेला, पण मार्चमध्ये. तोवर कॉलेजनं फीसाठी तगादा लावला होता. खरं तर शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी फी मागू नये, असं शासनानं कॉलेजांना पुन्हा पुन्हा कळवलेलं आहे. पण खिडकीवरचा माणूस म्हणतो, “आधी भरा, शिष्यवृत्ती आली की तुमची तुम्हाला राहील.” मग बापानं काय केलं? मुकादमाकडून वाढीव पैसे घेतले. ते फिटले नाहीत. म्हणजे पुढच्या हंगामाचा कोयता आधीच बांधला गेला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. शिष्यवृत्ती उशिरा आली याची किंमत त्या मुलीच्या आईनं आणखी एक हंगाम मोळ्या वाहून मोजली. सरकारी हिशेबात ती रक्कम ‘वितरित’ म्हणून दाखवली जाते. आईचा हंगाम कुठं दाखवतात, ते मला कुठल्याच तक्त्यात सापडलेलं नाही.

म्हणून मी मोबाइलपासून सुरुवात करणार आहे. हसू नका. पूर्वी आम्ही मेळाव्यात रेशनकार्डावर बोलायचो, आता मोबाइलवर बोलावं लागतं. मुलीच्या आधारला कुणाचा नंबर जोडला आहे? मघाशी मी हात वर करायला सांगितले तेव्हा बहुतेकींनी ‘तिच्या पप्पाचा’ म्हणून सांगितलं. हा नंबर गाडी निघायच्या आत बदलून घ्या. तालुक्याच्या आधार केंद्रावर मुलीला स्वतः जावं लागतं. थोडी फी लागते, बोटांचे ठसे लागतात. नंबर मुलीचा स्वतःचा असेल तर उत्तम. नसेल तर गावात मागं थांबणाऱ्या आजीचा, मावशीचा द्या, पण जो फोन तुमच्याबरोबर फडात जाणार आहे त्याचा देऊ नका.

इथं एक मावशी म्हणाल्या, “ताई, पोरीच्या हातात मोबाइल दिला तर गाव काय म्हणंल?” प्रश्न खरा आहे, तो टाळून पुढं जाता येणार नाही. मुलगी एकटी मागं राहते, आई-बाप दोनशे-तीनशे किलोमीटरवर, काही बरंवाईट झालं तर काय, या भीतीपोटीच तर आपण लग्नं उरकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यात बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. राज्याचा आकडा २१.९ टक्के होता. म्हणजे आपण राज्याच्या दुप्पट. ह्यात तुमच्या मनाचा वाईटपणा नाही, तुमच्या वेळापत्रकाचा वाटा मोठा आहे, हे मी कुठंही सांगायला तयार आहे. पण मोबाइल नसल्यानं मुलगी सुरक्षित राहिली, असं मी तरी अजून पाहिलेलं नाही. फोन नसलेली मुलगी अर्जही भरू शकत नाही आणि अडचणीत तुम्हाला हाकही मारू शकत नाही. गाव काय म्हणेल हे गावाला म्हणू द्या. तुमच्या लेकीची फी गाव भरत नाही.

आता उत्पन्नाचा दाखला. यात सगळ्यात जास्त घोळ असतो, म्हणून जरा सावकाश ऐका. तलाठ्याचा अहवाल आणि त्यावर तहसीलदाराचा दाखला. तलाठ्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आपल्या तोंडी तो तलाठीच राहणार. तिथं विचारतात, “उचल किती घेतली?” तुम्ही सरळपणे सांगता, लाख घेतली, दीड लाख घेतली. आणि कधी कधी ती रक्कम उत्पन्न म्हणून धरली जाते, वर तोडणीची मजुरी वेगळी धरली जाते. हे चूक आहे. उचल हे उत्पन्न नाही, ती अंगावर घेतलेली रक्कम आहे. त्याच मजुरीतून ती फेडायची असते. एकच पैसा दोनदा मोजला जातो आणि मुलगी अपात्र ठरते.

आपण हिशेब करून बघू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. नवरा-बायकोनं मिळून दिवसाला दोन टन तोडला असं धरा. ३६६ दुणे ७३२. हंगाम दीडशे दिवसांचा आणि एकही खाडा नाही. असं कधी होत नाही हे तुम्हाला माहीत आहे, पण हिशेबापुरतं धरू. झाले एक लाख नऊ हजार आठशे. दोघांचे मिळून! अनुसूचित जातीच्या मुलींना मिळणाऱ्या भारत सरकार शिष्यवृत्तीची उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. गावातली चार महिन्यांची मजुरी, कोरडवाहूचं पीक मिळवलं तरी बहुतेक घरं तिच्या आतच राहतात. हा हिशेब कागदावर लिहून तलाठ्यापुढं ठेवा. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

या एक लाख नऊ हजारांत अर्धे बाईचे आहेत. दाखला मात्र नवऱ्याच्या नावानं निघतो, कारण मुकादमाचा करार त्याच्याशी, पैसेही त्याच्या हातात. २०२१ साली शासनानं ग्रामसेवकांना ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रं द्यायला सांगितलं. तेव्हा मी बायकांना एकच सांगत होते, आजही सांगते. ओळखपत्र स्वतःच्या नावाचं मागा. ‘घरातलं एक आहे की’ असं उत्तर मिळेल. उसात एकच माणूस वाकतो का, असं विचारा.

आणि जिला नवऱ्यानं टाकलं आहे तिचं काय? आपल्याकडं एकट्या बाईला अर्धा कोयता म्हणतात. शब्दातच सगळं आलं. विधवेकडं मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटितेकडं कोर्टाचा कागद असतो. परित्यक्तेकडं काहीच नसतं. तिच्या मुलीच्या अर्जाला मात्र वडिलांच्या उत्पन्नाचा पुरावा मागतात. जो माणूस दहा वर्षांत दारात आला नाही त्याचा पुरावा! संगमनेरला १९८८ साली परित्यक्तांची परिषद झाली तेव्हापासून चळवळ सांगते आहे की, या बायकांना कागदावर अस्तित्व द्या. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव सरकारी कागदावर सक्तीचं झालं, चांगलंच झालं. पण आज कॉलेजात असलेल्या मुली त्याच्या कितीतरी आधी जन्मल्या. तोवर आपण काय करायचं? आईनं स्वतः प्रतिज्ञापत्र करायचं, ग्रामपंचायतीचं पत्र आणि शेजाऱ्यांच्या सह्यांचा पंचनामा जोडायचा आणि उत्पन्नाचा दाखला आईच्या नावानं मागायचा. नाही म्हणाले तर ‘नाही’ लेखी मागायचं. लेखी मागितलं की पुष्कळदा ‘नाही’चं ‘बघू’ होतं, हा माझा अनुभव आहे.

प्रतिज्ञापत्रावरून आठवलं. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला स्टँप पेपर लागत नाही. ही माफी २००४ सालापासूनची आहे आणि २०२५ मध्ये महसूल मंत्र्यांनी ती पुन्हा जाहीर केली. तरी तहसीलच्या आवारात पाचशेचा स्टँप विकायला बसलेले असतात आणि आपण घेतो. घेऊ नका. साध्या कागदावर करा. आणि अर्जाची पावती घेतल्याशिवाय केंद्रातून उठू नका. लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आहे. उत्पन्नाचा दाखला पंधरा दिवसांत मिळाला पाहिजे. नाही मिळाला तर अपील करता येतं, पण पावतीवर तारीख नसेल तर अपील कशाच्या जोरावर करणार?

जातीच्या कागदांबद्दल थोडंच बोलते, कारण तो विषय एका दिवसाचा आहे. अनुसूचित जातीसाठी १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. तेव्हा आजोबा शाळेत गेले होते का? आणि १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, म्हणजे कागद उर्दूत नाहीतर मोडीत. पुरावा फक्त बापाच्या बाजूचा चालतो. आईच्या घराण्यातले पाच जण शिकलेले असले तरी ते कागद कामाचे नाहीत. म्हणून चुलते, आत्या, चुलत आजोबा यांच्याकडं कुणाची जुनी टीसी, खासऱ्याचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद आहे का, याची विचारपूस सणाला घरी आलेल्या पाहुण्यांतच करा. वैधता प्रमाणपत्राचा अर्ज मुलगी बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करा.

काही जणींच्या मुली फडातच जन्मल्या आहेत. जन्माची नोंद कर्नाटकातल्या कुठल्या तरी गावात, किंवा कुठंच नाही. शाळेत घालताना मास्तरांनी जन्मठिकाण आपलं गाव लिहिलं, किंवा भलतंच लिहिलं. रहिवासाच्या दाखल्याच्या वेळी हे उकरून निघतं. शाळेच्या दाखल्यावर जन्मठिकाण काय आहे ते आज घरी जाऊन बघा. चूक असेल तर मुलगी शाळेत आहे तोवर दुरुस्ती सोपी असते, शाळा सोडल्यावर फार जड जाते.

आता एक गैरसमज. जुलै २०२४ मध्ये शासननिर्णय झाला आणि गावभर झालं की, ‘मुलींचं शिक्षण फुकट झालं’. एका वडिलांनी मुलीला हॉस्टेलचे पैसे द्यायचं नाकारलं, म्हणाले, “सरकारनं फुकट केलंय ना, तू खोटं बोलतीस.” निर्णय काय आहे तो नीट समजून घ्या. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या, आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पूर्वी ती निम्मी मिळत होती. निर्णय चांगला आहे, मी त्याचं स्वागतच केलं. पण व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला तो लागू नाही, आणि खोलीभाडं, मेस, एसटीचा पास, पुस्तकं यांतलं काहीच त्यात येत नाही. माफीसाठीही अर्ज करावाच लागतो, दरवर्षी करावा लागतो. न मागता काही माफ होत नाही.

राहण्या-जेवण्यासाठी वेगळ्या योजना आहेत, त्यांचीच आपल्या मुलींना खरी गरज. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलींसाठी स्वाधार योजना आहे. ती सुरू झाली तेव्हा महापालिका असलेल्या शहरात वर्षाला ५१ हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये ठरले होते. ओबीसी, विमुक्त-भटक्या मुलींसाठी सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची आधार योजना आहे. अल्पभूधारकांच्या आणि नोंदणी झालेल्या मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे. नोंदणी झालेले मजूर! म्हणून मघाशी ओळखपत्राचं सांगितलं. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहं काढायचं २०२१ साली ठरलं. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, प्रत्येकात शंभर जागा. गावातल्या शाळेत हंगामी वसतिगृह असतं, पण ते लहान मुलांसाठी. मुलगी मोठी झाली, तिला खरी निवाऱ्याची गरज लागली की, ते तिच्यासाठी राहत नाही.

काही योजनांत एका कुटुंबातल्या दोनच मुलांना लाभ मिळतो. ज्यांच्या घरी तीन मुली आणि मुलगा आहे, तिथं ते दोन कोण ठरतात हे मी सांगायला नको. अर्ज भरण्याआधी घरात याचा उघड विचार करा, गुपचूप मुलाचा अर्ज आधी भरून टाकू नका.

बँकेचं एक राहिलं. मुलीचं खातं तिच्या स्वतःच्या नावाचं हवं. पासबुकावर आधार नंबर दिला म्हणजे झालं, असं समजू नका. सरकारचे पैसे थेट पडण्यासाठी खातं आधारशी वेगळं जोडावं लागतं. बँकेत जाऊन ‘शिष्यवृत्तीचे पैसे याच खात्यात पडतील ना’ असा स्पष्ट प्रश्न विचारा. दोन खाती असतील तर जे शेवटी जोडलं त्यात जातात. एका मुलीचे पैसे तिच्या लहानपणी काढलेल्या खात्यात वर्षभर पडून होते आणि घरात सगळे सरकारला शिव्या देत होते.

समाजकार्याच्या वर्गात आम्हाला ‘लाभार्थी’ हा शब्द शिकवला. मला तो कधी आवडला नाही. मॅट्रिकनंतरची ही शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात होते. कुणाच्या दयेतून ती आलेली नाही. मग ज्यांनी राज्याची साखर तोडली त्यांच्या मुलींनी ती मागताना मान खाली का घालावी? म्हणून आपण जिल्हाधिकाऱ्यांकडं तीन गोष्टींचं निवेदन देत आहोत. दाखल्यांची शिबिरं ऑगस्ट-सप्टेंबरात गावात घ्या. ज्यांचे आई-बाप ऊसतोडीला गेले आहेत त्यांच्या अर्जातल्या दुरुस्तीला एप्रिलपर्यंत मुदत द्या. आणि प्रत्येक कॉलेजनं परत आलेल्या अर्जांची यादी दर पंधरवड्याला फळ्यावर लावावी. नुसता संगणकावर निरोप टाकून मोकळं होऊ नये. निवेदनावर बापांच्या सह्या पुष्कळ आल्या आहेत. मला आयांच्या हव्यात, अंगठाही चालेल.

आता भाषण पुरे. डाव्या हाताला उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज आहेत, तिथं रेशनकार्डाची आणि आधारची झेरॉक्स लागेल. आधारचा नंबर बदलायचा आहे त्या मुलींनी खिडकीजवळच्या ताईंकडं नावं द्या, उद्या सकाळच्या एसटीनं आपण एकत्रच तालुक्याला जाऊ. ज्यांची गाडी या आठवड्यात लागणार आहे त्यांचं आधी घेऊ. बाकीच्यांनी जरा दम धरा.